पुढची दोन चाकं

बाकी ऑफिसांत किस्से घडतात, आमच्या बागेत ते उगवतात. एक सांगून संपवावा, तर मागे दुसरा गुडघाभर वाढलेला असतो.

बाग म्हणजे रत्नागिरीबाहेर कातळावर माती आणून टाकून केलेलं एका हॉटेलचं लॉन. मी तिथला सुपरवायझर. हाताखाली तिघं. मिरकरवाड्याचे इब्राहिमभाई, पोफळीच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झालेले मोरेअण्णा आणि लांज्याकडच्या सुनंदाताई. शिवाय गवत कापायचं एक मशीन, वर बसून चालवायचं. ते सुनंदाताई चालवतात. वीस वर्षं विळ्याने गवत कापून कंबर गेली, तेव्हा त्यांना ती सीट मिळाली. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "साहेब, बसून पन काम होता, ह्या मला आदी कुनी कसा नाय सांगितलान?"

मशीनचं सगळं दुखणं पुढच्या दोन चाकांत. खारा वारा आणि लाल धूळ, त्यामुळे ग्रीस आठवडाभरात वाळतं आणि चाकं कुरकुरायला लागतात.

*

एकदा ग्रीस संपलं. इब्राहिमभाईंचा जन्म बोटीवर गेलेला. म्हणाले, "ग्रीस कशाला? आमी होडीला कायम ह्याच लावला." घरून बाटली आणली, मुशी माशाचं तेल! चाकं अशी पळाली की बघत राहावं. मागोमाग मांजरंही पळाली. मी सात मोजली.

संध्याकाळी लॉनवर लग्नाचं रिसेप्शन. झाकून ठेवलेल्या मशीनपाशी मांजरं ओळीने बसलेली. मॅनेजर तणतणत आला, "ही कुणाची?"

इब्राहिमभाई शांतपणे म्हणाले, "मुलीकडची असतील."

*

मोरेअण्णा ग्रीस गन हातात घेतली की आधी भाषण करतात. "मी टर्बाइन सांभाळलेला माणूस आहे." डाव्या चाकाचं निपल, म्हणजे ग्रीस भरायचं टोक, बाहेरून दिसतं. उजव्याचं आतल्या बाजूला आहे. टर्बाइनवाल्या माणसाने खाली वाकून बघायचं कशाला? दोन महिने त्यांनी एकट्या डाव्यालाच ग्रीस दिलं. उजवं चाक अडून राहायचं, मशीन त्या अंगाला ओढायचं आणि लॉनवर छान वळणदार पट्टे उठायचे.

शेवटी सुनंदाताईंनी जॅक लावून आतलं निपल शोधलं. पट्टे सरळ झाले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "पाहुणे विचारतायत, ती डिझाइन का बंद केलीत?"

*

आता माझा. दसऱ्याला मी मशीनची पूजा केली. हार घातला, नारळ फोडला, आणि चाकाचं निपल मला अगदी कपाळासारखं दिसलं, म्हणून हळदकुंकू लावून वर अक्षता टेकवल्या. ताज्या ग्रीसवर त्या घट्ट चिकटल्या. एक कणी थेट निपलच्या तोंडात जाऊन बसली. पुढे महिनाभर आम्ही गन मारत राहिलो. ग्रीस बाजूने बाहेर, आत काहीच नाही. ऐन लग्नसराईच्या तोंडावर चाक लॉनच्या मधोमध जाम झालं.

कणी सापडली तेव्हा सुनंदाताई एवढंच म्हणाल्या, "साहेब, पुढल्या वर्षी तुमी नुसता नमस्कार करा."

मॅनेजर मात्र चिडला. मशीन भंगारात, गवत कंत्राटदाराला, असं त्याने वर कळवलं. म्हणजे कंत्राटदाराच्या हाताखाली सुनंदाताईंच्या हातात पुन्हा विळा. ती कंबर विळ्याला आता साथ देणार नव्हती आणि हे सगळं माझ्या भक्तीने झालं होतं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

ताईंनी दोन्ही चाकं उतरवली. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन काढलं, लांज्याहून भाच्याच्या गॅरेजमधून आसाभोवतीचे नवीन बुश आणले आणि बसवले. मला एका बोल्टालाही हात लावू दिला नाही.

*

आठ दिवसांनी हेड ऑफिसचे इंजिनिअर आले. भंगाराचा कागद टाईप करून आणलेला, फक्त सही बाकी. "एक राउंड मारून बघतो, फॉर्मॅलिटी," म्हणाले आणि सीटवर बसले.

पहिलं वळण त्यांनी दोन्ही हातांनी, जोर लावून घेतलं. दुसरं एका हाताने. तिसऱ्याला मोजून दोन बोटं होती स्टिअरिंगवर. एक राउंड झाला, दुसरा झाला. चहा आला, निवला. मॅनेजर घड्याळ बघत उभा, साहेब नारळांच्या कडेने वळणं घेतायत. अर्धं लॉन त्यांनी कापून काढलं.

शेवटी सुनंदाताई पदर खोचून मशीनच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, उतरा आता. ग्रीस द्यायचाय."

साहेब निमूट उतरले. "गन द्या, मी देतो," म्हणाले आणि चाकापाशी उकिडवे बसले.

"आदी निपल पुसा," ताई म्हणाल्या. "धूळ आत जायल."

साहेबांनी इकडेतिकडे फडकं शोधलं. मिळालं नाही. मग त्यांनी खिशातून तो कागद काढला, त्याची नीट चौघडी केली आणि निपल पुसलं.