मुद्देमालाच्या खोलीतली फुलांची जाळी

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो आणि घरच्यांना हसू.

सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी होतो. जप्त माल ठेवायला वेगळी खोली नव्हती, म्हणून लांबट हॉलचा मागचा भाग वेगळा करायचं ठरलं. भिंत घातली तर उजेड आणि वारा बंद होणार, तेव्हा लोखंडी जाळी लावायची. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पुढं नमुना मी निवडला.

आमच्या घरी हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये सौभाग्यवतींनी नक्षीची जाळी बसवली होती. पत्र्यात कापलेली पुरीएवढी फुलं, वर सोनेरी रंग. पाहुणे कौतुक करायचे. म्हटलं, ठाण्यातही तीच लावा. जाळी करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी नमुना बघून नकारार्थी मान हलवली. "साहेब, ही दिवाणखान्याची जाळी हाय. मालाला बारीक चौकटीची लावूया."

"चाचा, सरकारी जागेनं चांगलं दिसूच नये का?" मी म्हणालो. चाचांनी माप घेतलं. दाराला मात्र भक्कम कुलूप आणि वर लाखेचं सील.

किल्ली मुद्देमाल सांभाळणाऱ्या हवालदारांकडं असायची. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि सेवापुस्तकात एकही डाग नव्हता.

त्या खोलीत जाळीच्या अगदी मागं, खिळ्याला एक घुंगुरमाळ टांगलेली होती. चामड्याचा पट्टा, त्यावर पितळी घुंगरं, बैलाच्या गळ्यात बांधायची. चोरीच्या गुन्ह्यात आम्हीच ती परत मिळवली होती. मालक कुंडल भागातले एक आबा. ताबा मिळावा म्हणून त्यांनी कोर्टात अर्ज केला होता, पण तारीख पुढं पुढं जात होती. आबा रोज छत्री टेकत येऊन जाळीजवळच्या बाकावर बसायचे. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा, तोंडावर आला होता.

"आवं साहेब, बेंदरापुरती तरी द्या. बैल उघड्या गळ्यानं मिरवू व्हय?"

"आबा, कोर्टाचा आदेश पाहिजे. माझ्या हातात नाही."

"नजरंला दिसतीया, आन् तुमच्या हातात न्हाई?"

बेंदूर झाला, मिरवणुकीचा बंदोबस्त आटोपला आणि दुसऱ्याच दिवशी नोंदवही तपासताना कळलं की माळ गायब. सील शाबूत, कुलूप शाबूत, खिळा रिकामा.

मग मी सगळ्यात सोपं काम केलं. हवालदारांना समोर बसवलं. किल्ली कुणाला दिली? घरी नेली होती का? तेच प्रश्न उलटसुलट आठ दिवस विचारले. ते प्रत्येक वेळी सरळ बसून एकच सांगायचे, "न्हाई साहेब." वरिष्ठांना कळवावं लागलं. प्राथमिक चौकशी लागली. आता निवृत्तीचे कागद अडकणार, हे ठाण्यातल्या प्रत्येकाला दिसत होतं.

नवव्या दिवशी चाचांना बोलावलं, दुसरी किल्ली केली का विचारायला. चाचांनी कुलपाकडं बघितलंसुद्धा नाही. खिशातून साखळी काढली, फुलातून आत सोडली आणि एकेक कडी करत बाहेर ओढून दाखवली. "छत्रीच्या मुठीनं खिळ्यावरनं काढायची, मग एकेक घुंगरू. दार कशाला उघडायचं?"

छत्री. बाकावरचे आबा आठवले, आणि पाठोपाठ टेबलावरचा फोटो. बेंदराच्या मिरवणुकीत प्रमुख पाहुणा म्हणून मी एका बैलाला हार घालताना. हार उचलून धरलेला, त्याखाली बैलाच्या गळ्यात आमचा मुद्देमाल. दोरीला आबा.

बोलावल्यावर आबा माळेची पिशवी घेऊनच आले.

"चोरली न्हाई साहेब. बेंदरापुरती नेली हुती. चार दिवस झालं, परत आत घालाय बघतोय. पण भायेर येती तशी आत जाईना."

"आणि आमच्यातल्या कुणाला आवाज आला नाही?"

"लय वाजली की. आठ दिवस आधीपास्नं रोज छत्रीनं हलवीत हुतो, तुमच्या लोकास्नी सवय व्हावी म्हणून."

"आबा, त्यापायी हवालदारांची नोकरी जात होती."

आबांचा चेहरा उतरला. "ते मला कुणी सांगितलं न्हाई वो," म्हणत ते बाकावर बसून राहिले.

पंचनामा केला, माळ पंचांसमक्ष ताब्यात घेतली, सगळं जसंच्या तसं कोर्टाला कळवलं. वरिष्ठांच्या अहवालात जाळीचा नमुना कुणी निवडला, तेही लिहिलं. माझ्या नावे कसुरी, म्हणजे कामातल्या हलगर्जीची नोंद, झाली, ती रास्तच होती. हवालदारांवरची चौकशी बंद झाली आणि जाळी उतरवून चाचांनी बारीक चौकटीची बसवली.

या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच. चूक आपण केलेल्या वस्तूत असेल, तर नजर आधी माणसाकडं जाते, आणि माणूसही जवळचाच सापडतो. मी आठ दिवस त्या जाळीसमोर उभा राहून प्रश्न विचारले. तिच्याकडं एकदाही बघितलं नाही.

हवालदारांच्या निरोप समारंभानंतर मी त्यांची माफी मागितली. म्हटलं, मी तुम्हाला चोर कधी म्हणालो नव्हतो.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "तुमी फक्त त्या आठ दिवसांत माझ्यासंगं चहा घेतला न्हाई."