पुसलेली संध्याकाळ

दिवाळीच्या साफसफाईत मी एका झाडाखालची सावली पुसून टाकली. अकरा वर्षं या कामातून शिताफीने अंग काढत आलो होतो. त्या वर्षी उत्साह आला, तो नेमका एका चित्रावर.

चित्र शेजारच्या इंग्रज आजींचं. एकोणिसाव्या शतकातलं, ड्रायपॉइंट म्हणतात त्या प्रकारचं: नदीकाठ, झुकलेलं झाड, खाली दोन गाई. इंग्लंडात आम्ही राहतो त्या रीडिंग गावातलं घर विकून आजी साउथहॅम्प्टनला मुलीजवळच्या फ्लॅटमध्ये निघाल्या होत्या. तिथे भिंती कमी, म्हणून नवऱ्याच्या आठवणीचं हे चित्र आम्हाला दिलं. "तुम्ही जपाल," म्हणाल्या. माणसं ओळखण्यात जरा कच्च्याच. जायच्या आदल्या दिवशी एकदा पाहून जाणार होत्या.

तो दिवस लक्ष्मीपूजनाचा. सकाळी काच पुसायला मी फ्रेम उघडली, तर झाडाखाली मऊ, काळपट डाग. शंभर वर्षांची काजळी, असं निदान केलं. फडक्याने जाईना, तेव्हा खोडरबर घेतलं. ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायचाच पगार मिळतो, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा. तासाभरात झाडाखाली लख्ख!

बायको डोकावली. "अहो, सावली कुठे गेली?"

"मळ होता तो."

"मळ काय झाडाचा आकार बघून बसतो?"

दुपारी आजी आल्या. मी चित्राला पाठ लावून चकल्यांचा आग्रह करत राहिलो. तिसऱ्या चकलीला त्यांनी मला हाताने बाजूला सारलं आणि चष्मा लावला.

"ओह," एवढंच म्हणाल्या. इंग्रज माणसाचं 'ओह' म्हणजे आपल्याकडचं अर्ध्या तासाचं भांडण.

मी कबुली दिली. मग त्यांनी समजावलं: तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडलं की कडेला धातूची कोर उठते, तिच्यात शाई साचून राहते आणि कागदावर मऊ उमटते. तो मऊ काळोख हीच तर सगळी करामत.

"संध्याकाळ होती ती," त्या म्हणाल्या. "माझा नवरा कामावरून आला की तिच्यासमोर बसायचा." मग काचेवर झाडाखाली बोट टेकवलं. "असू दे. आता त्याला दुपारीच घरी यावं लागेल."

जाताना त्यांनी माझा हात थोपटला. तेवढ्याने मी जास्तच खजील झालो.

दार लावून बायको म्हणाली, "बाथरूमच्या कोपऱ्यात खरी बुरशी आहे, अकरा वर्षांची. ते रबर घ्या आणि आत जा. तिथे कुणाची संध्याकाळ नाहीये."