बर्फ, वाळू आणि आमचे हे

आमच्या ह्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त दुबईच्या मॉलमध्ये, तोही भाड्याचं जॅकेट घालून. तरी मुलीने कॅनडाहून फोनवर विचारलं, ‘‘बाबा, माझा रोज हायवे आहे. स्नोसाठी विंटर टायर्स, आर दे रिअली वर्थ इट?’’ आणि हे लगेच सोफ्यावर मांडी घालून बसले. मी मनात म्हटलं, झालं, आता तासाची निश्चिंती.

‘‘काही गरज नाही. हायवे साफ करतात तिथे. तुझे टायर ऑल सीझन आहेत ना? खलास! आणि बर्फ लागलाच तर थोडी हवा सोडायची. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून आपण तेच करतो.’’

इथे दुबईत थंडी सुरू झाली की ह्यांच्या जबल अलीतल्या ऑफिसची मंडळी गाड्या घेऊन वाळवंटात जातात. वाळू सुरू व्हायच्या आधी सगळ्यांच्या टायरमधली हवा कमी करायचा मान ह्यांचा. भटजी पूजा सांगतात तशा गंभीर चेहऱ्याने हे एकेका चाकाशी उकिडवे बसतात.

‘‘अहो, वाळू कुठे, बर्फ कुठे!’’ मी म्हटलं.

‘‘तू गप्प बस.’’

मला लायसन्स पाचव्या खेपेला मिळालं, ह्यांना पहिल्याच. तेव्हापासून आमच्या घरात गाडीवर बोलायची मला बंदी आहे. पण पोरगी तिथे एकटी, पहिलाच हिवाळा, आजूबाजूला ट्रक. मी रोज विचारायचे, ‘‘टायर बदललेस का गं?’’ ती म्हणायची, ‘‘बघते, आई.’’ आणि विषय बदलायची.

मग एका संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसली होती, चेहरा पांढराफटक.

‘‘हायवेवर पुढचा ट्रक आडवा झाला. मी ब्रेक मारला. शेजारची गाडी घसरत जाऊन त्याच्यावर आदळली. माझी थांबली, आई. इट जस्ट स्टॉप्ड.’’ मग जरा चाचरत म्हणाली, ‘‘सॉरी बाबा, मी विंटर टायर्स घातलेत. हवा पण नाही सोडली. इथे सगळे म्हणाले, थंडीत साधं रबर कडक होतं, रस्ता साफ असला तरी नीट धरत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.’’

‘‘बरं केलंस,’’ एवढंच हे म्हणाले.

फोन ठेवला. ‘‘काय हो वाळूवाले!’’ असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ह्यांच्याकडे बघितलं तर हे डोळे मिटून हात जोडून बसले होते.

‘‘देवाची कृपा गं,’’ हे म्हणाले, ‘‘पोरगी माझं ऐकत नाही.’’ आणि चक्क रडायला लागले.