लाल धाग्याचा रफू

आमच्या मामीला यापुढे कुणी चोर म्हटलं, तर मी त्याचं थोबाड रंगवीन. हे आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत मामी तुम्हाला फार शांत वाटेल. ती शांत नव्हती. तिला फक्त घाई नव्हती.

मामी रफू करते. मामा गेल्यावर त्यांचं दुकान तिने चालवायला घेतलं, आणि मी नोकरीनिमित्त तिच्याकडे राहायला आले ती तिथलीच झाले. मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम करते. मी मामी म्हणते म्हणून सगळी गल्ली तिला मामी म्हणते. दुकान कपाटाएवढं. एक टेबल, वाकवता येणारा दिवा, आणि साबणाच्या वडीत खोचलेल्या सुया, म्हणजे त्या कापडातून सरसर जातात. कोट आला की मामी त्याच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढते आणि भोकावर एक उभा, एक आडवा असे विणत बसते. काम झालं की गिऱ्हाईक भोक शोधतं आणि त्याला ते सापडत नाही. रफू दिसला तर तो रफू कसला, असं ती म्हणायची. लोक तिच्याकडे टाकायचे जुने कपडे देत नाहीत. वडिलांचा कोट, आईची शाल, जीव अडकलेल्या वस्तू देतात. पावती कुणी मागत नाही. मामीकडे दिलंय म्हणजे मिळणार, एवढ्यावर ते दुकान उभं होतं.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी तिने दुकानाच्या लाकडी दारावर, कुलपाच्या खाली, शिंप्याच्या खडूने लिहिलं. वर मोठ्या अक्षरात ‘दुकान बंद’. त्याखाली, ‘डोळ्याचं ऑपरेशन आहे. तयार कपडे शेजारी चहावाल्याकडे मिळतील.’ डोळे तसले असूनही ओळी सरळ आल्या होत्या.

ती दवाखान्यात डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली असताना माझ्या फोनवर एक पोस्ट आली. आमच्या भागात ‘चौकातली गंमत’ नावाचं एक पान आहे. ते कोण चालवतं हे कुणाला माहीत नव्हतं, पण बघायचे सगळे. त्यावर मामीच्या दाराचा फोटो. कुलूप, ‘दुकान बंद’, आणि त्याकडे बोट दाखवणारा कुणाचा तरी हात. खालच्या ओळी कापलेल्या. वर लिहिलं होतं, ‘रफूवाली गिऱ्हाइकाचा कोट घेऊन रफूचक्कर!’

विनोद चांगला होता. तीच तर पंचाईत झाली. वाईट असता तर तिथेच मेला असता. रफूवाली रफूचक्कर, म्हणत लोकांनी तो पुढे पाठवला, त्यांनी अजून पुढे पाठवला. कुणीतरी मामीचा जुना फोटो चिकटवला, कुणीतरी तिचा नंबर टाकला. खरंच कोट गेलाय का, कुणाचा गेलाय, हे एकानेही विचारलं नाही. आमच्या औषधांच्या दुकानात एक बाई हसत हसत मला तो दाखवायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मामी घरी आली तेव्हा फोनवर अनोळखी माणसं तिला चोरटी म्हणत होती. दुकान उघडल्यावर लोक आले, पण आपापले कपडे परत न्यायला. एक बाई आईची शाल मागायला आली. शालीचं काम अर्धं झालं होतं, सुई तशीच लटकत होती. बाई म्हणाली, असू दे, अर्धीच द्या. मामीने सुई काढून घेतली, शालीची घडी घातली आणि दिली. बाईने ती उलगडून नीट तपासली. त्या दिवशी मामी जेवली नाही.

पोलीस चौकीत आम्ही गेलो. तिथल्या हवालदाराने फोटो बघितला आणि आधी खुदकन हसला, मग तक्रार देता येईल म्हणाला. तसा आपला हक्क आहे, म्हणाला. पान कुणाचं ते शोधायला मात्र वेळ लागेल.

वेळ लागला नाही. बाहेर येऊन मामीने माझा फोन हातात घेतला. तिने तो फोटो तोवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाच नव्हता. मी तो मोठा करून दिला. ती कुलूप बघेना, अक्षरं बघेना. ती त्या बोट दाखवणाऱ्या हाताची बाही बघत होती. राखाडी चौकड्यांचं कापड, आणि मनगटापाशी मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

ती म्हणाली, “हा रफू माझा आहे. विमेवाल्याचं जाकीट.”

विमेवाले म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले विमा एजंट. हजरजबाबी माणूस, जिथे उभा राहील तिथे चार जणांना हसवणार. मामी तडक चहावाल्याकडे गेली. त्याने सांगितलं की पोस्ट आली त्याच दिवशी संध्याकाळी विमेवाले येऊन आपला काळा कोट घेऊन गेले. वर चहाही पिऊन गेले.

म्हणजे कोट हातात पडला होता, आणि पोस्ट तशीच राहिली, कारण लोक हसत होते. शत्रुत्व नाही, काही नाही. माणसाला विनोद सुचला, एवढंच. खरं सांगते, शत्रू असता तर मला एवढा राग आला नसता.

मी घरी येऊन पोस्ट लिहायला घेतली. त्याचा फोटो, घराचा पत्ता, बायको कुठे नोकरी करते, मुलगी कुठल्या शाळेत जाते, सगळं. लिहिताना मजा येत होती. मामीने वाचून घेतलं.

“बायको, पोरगी आणि पत्ता काढ,” ती म्हणाली. “मार त्याला बसला पाहिजे. त्यांना बसला तर तो बिचारा ठरेल आणि आपण पुन्हा चोर.”

मग उरतंय काय, असं मी चिडून विचारलं. ती म्हणाली, थांब, तो येईल. या भागात रफू करणारं दुसरं आहे कोण?

आणि तो आला. तोच काळा कोट घेऊन आला. उजव्या बाहीला मनगटाच्या जरा वर सिगारेटने भोक पडलं होतं, आणि शनिवारी कंपनीच्या कार्यक्रमात त्याला पुरस्कार मिळणार होता. काय मामी, डोळे काय म्हणतात, अशी चौकशीही केली. मी मुद्दाम रजा घेऊन दुकानातच बसले होते. मामीने कोट दिव्याखाली धरला. मग माझा फोन त्याच्यापुढे ठेवला आणि फोटोतल्या बाहीवर सुईचं टोक टेकवलं.

तिने हे जाकीट कधी रफूला आलं, कुठला धागा कुठून ओढला, सगळं सांगितलं. चहावाल्याचं सांगितलं. पोलिसांत द्यायची तक्रार तयार आहे, हेही सांगितलं. विमेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“मामी, गंमत होती हो,” तो म्हणाला. “पान माझंच आहे, काढून टाकतो पोस्ट. आत्ता काढतो, तुमच्यासमोर.”

“काढायची नाही.”

तो बघतच राहिला. मीही.

“मी आयुष्यभर लोकांची भोकं अशी बुजवली की कुणाला दिसू नयेत,” मामी म्हणाली. “तुम्ही पाडलेलं दिसलं पाहिजे. त्याच पोस्टवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, स्वतःच्या नावाने लिहा. आणि पूर्ण फोटो टाका.”

त्याने तिथेच स्टुलावर बसून लिहिलं. कोट माझा होता, मला त्याच दिवशी मिळाला होता, बाई दवाखान्यात होत्या, मी फोटो कापला, माफ करा. कपाळावरचा घाम पुसत त्याने कोटाचं विचारलं. मामी म्हणाली, करून देईन, पण धागा मी निवडीन. सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्याने तो हो म्हणाला.

माफी कुणी पुढे पाठवली नाही. माफीत हसण्यासारखं काय असतं? चार-पाच जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली आणि संपलं. शालवाली बाई तेवढी परत आली, खाली मान घालून. बाकीचे बरेच आलेच नाहीत, अजून आलेले नाहीत. मी रोज ती पोस्ट उघडून बघायचे आणि जळायचे. मामी विणत बसायची.

शनिवारी दुपारी विमेवाले कोट न्यायला आले. बाहीवर रुपयाएवढा लालभडक रफू होता. काय सुबक होता! एक धागा इकडचा तिकडे नाही, आणि रस्त्यापलीकडूनही दिसेल असा. तो काही बोलणार तेवढ्यात मामी म्हणाली, “धागा मी निवडीन म्हटलं होतं.” दुसरा कोट आणायला वेळ नव्हता, आणि कार्यक्रमात सगळे कोटातच येणार होते. तो घालून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने त्याच पानावर, आता स्वतःच्या नावाने, पुरस्काराचा फोटो टाकला. मी बघितला आणि मोठ्याने हसले. लाल रफू दिसू नये म्हणून त्याने फोटो खालून कापला होता. पण रफू ज्या हाताच्या बाहीवर, त्याच हातात पुरस्कार. त्यामुळे हातही गेला आणि पुरस्कारही गेला. नुसता गळ्यापर्यंतचा माणूस, कशासाठी कोण जाणे, दात काढून हसत होता.

मी फोन मामीला दिला. तिने चष्मा पुसला, फोटो बघितला, आणि फोन परतच देईना. एका बोटाने काहीतरी शोधत बसली. खोटं काही लिहीत नाहीयेस ना, मी भीत भीत विचारलं. दिसतंय तेच लिहितेय, ती म्हणाली.

मग माझ्याकडे फोन धरून तिने विचारलं, “यात ‘क’ला ‘क’ कसा जोडायचा?”

मी दाखवलं. तिने सावकाश पूर्ण केलं, दोनदा वाचलं आणि त्या कापलेल्या फोटोसकट पाठवून दिलं. ‘पुरस्कार रफूचक्कर!’

विनोद चांगला होता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर पोचला होता, आणि त्याखाली तिचं नाव आणि दुकानाचा पत्ता होता.