माहेरच्या बंदरातले पाइपचे तुकडे

"मॅडम म्हणाल्या" हे शब्द आमच्या घरात शिरले त्या दिवशी मी जवळ्याची चटणी केली होती. आमच्या ह्यांनी पहिला घास घेतला, चटणीबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि सांगितलं की मॅडम म्हणाल्या, समुद्राचं पाणी वाहतं असलं की पाइप टिकतो, तुंबलं की सडतो. आता हे मी स्वतः ह्यांना लग्नानंतर लवकरच सांगितलेलं. तेव्हा नुसतं "हं" म्हणाले होते. मॅडम म्हणाल्या तर ते ज्ञान झालं. मी भाकरी वाढली आणि म्हटलं, अस्सं.

बोईसरला एमआयडीसीत आमची शेड आहे. पाइप कापायचे, वाकवायचे, वेल्डिंग करून जोडायचे आणि गिऱ्हाइकाच्या जागेवर नेऊन बसवायचे, हा आमचा धंदा. हे बाहेर कामावर, मी आत ऑफिसात. माल कुठून घ्यायचा, कोणता घ्यायचा, गिऱ्हाइकाला काय सांगायचं आणि वेल्डरांशी हिंदीत कसं भांडायचं, हे सगळं माझ्याकडे. बोलायचं खातं पहिल्यापासून माझंच. हे शिरगावच्या वाडीतले. त्यांच्या घरात सगळे इतकं हळू बोलतात की पाहुण्याला वाटावं, कुणीतरी आजारी आहे. मी सातपाटीची. आमच्याकडे एका होडीवरून दुसऱ्या होडीवर बोलायची सवय.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हे सासुरवाडीला आले ते मिठाईच्या पुड्याबरोबर पाइपचे तुकडे घेऊन. माझ्या बापाला विचारलं, हे समुद्रात कुठे टांगता येतील? बाप आयुष्यभर जाळं टाकत आलेला, पण लोखंड टांगून जावयाला काय पकडायचंय ते त्याला कळेना. आख्ख्या आळीनं दात काढले. मग बापानंच आमची होडी बांधायचा खुंट दाखवला आणि तिथून ह्यांनी पाण्यात दोरी सोडली. एका दोरीवर वेगवेगळ्या धातूंचे तुकडे, कोणता कुठला ते कळावं म्हणून त्यांवर पंचनं मारलेले ठिपके, आणि मधे मोठाल्या गाठी. गाठी अशासाठी की दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यातला दुबळा आधी खाल्ला जातो. माल विकणाऱ्यांच्या कागदावरचा समुद्र नेहमी स्वच्छ असतो. सातपाटीच्या पाण्यात चिखल असतो, डिझेल असतं, मासळी धुतलेलं पाणी असतं. त्यात जो धातू तगेल तो खरा, असं ह्यांचं म्हणणं, आणि ते मला लग्न झाल्यापासून पटलेलं.

पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या की आम्ही दोघं जाऊन दोरी काढायचो. माझ्या माहेरच्या ओट्यावर बसून हे ब्रशनं तुकडा घासायचे, मग मी तो हातात घेऊन निकाल द्यायची. तीनशे चार नंबरच्या स्टेनलेसला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडलेली असायची. तीनशे सोळा बरं, पण जिथे कालवं चिकटलेली, तिथे त्यांच्या बुडाखाली तेही कुरतडलेलं. सगळे तुकडे बघून झाले की वहिनी चहा आणायची. लोक जोडीनं माथेरानला जातात, आम्ही दोरी काढायला जायचो. आणि खरं सांगते, मला दुसरीकडे कुठे जायचंही नव्हतं.

तर किनाऱ्यावर एक कोळंबीची हॅचरी उभी राहत होती. हॅचरी म्हणजे कोळंबीचं बी तयार करायची जागा. डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी ती पिल्लं, त्यांना समुद्राचं पाणी लागतं आणि थंडीत ते कोमट करून द्यावं लागतं. ओढून आणायला प्लास्टिकचा पाइप चालतो, पण हीटरच्या आजूबाजूला तो नरम पडतो, म्हणून तेवढा भाग धातूचा. तो आम्ही बसवायचा होता. कोणत्या धातूचा, हे ठरायचं होतं. हॅचरीच्या मालकांनी त्यासाठी ठाण्याहून धातूंच्या जाणकार एक बाई सल्लागार म्हणून नेमल्या. त्याच मॅडम. आजवर आमच्या शेडमधून बाहेर पडलेला समुद्राच्या कामाचा प्रत्येक पाइप माझ्या शब्दावर ठरला होता. हा कुणाच्या शब्दावर ठरणार, एवढाच माझ्यापुरता प्रश्न होता.

मॅडम माझ्याच वयाच्या. केस कापलेले, पांढरे तसेच ठेवलेले, पायात कॅनव्हासचे बूट. दिसायला माझ्याहून उजव्या म्हणाव्यात असं काही नाही. तसं असतं तर बरं झालं असतं, निदान बाईमाणसाला कळेल असं कारण तरी मिळालं असतं. त्या पहिल्यांदा शेडवर आल्या तेव्हा माझ्या ऑफिसात बसल्या नाहीत. सरळ बाहेर ह्यांच्याकडे गेल्या, आणि हे, जे गिऱ्हाइकासमोर हो आणि नाही ह्यापलीकडे जात नाहीत, ते हातवारे करत होते. काचेतून मला आवाज येत नव्हता, नुसते हात दिसत होते. तिथून जे माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

मग रोजचंच झालं. मॅडम म्हणाल्या, गरम खाऱ्या पाण्यात तीनशे सोळावर विसंबू नये. मॅडम म्हणाल्या, वेल्डिंगचा काळा पडलेला भाग साफ केला नाही तर तिथूनच सडायला सुरुवात होते. चहात साखर किती घालायची तेही आता मॅडमना विचारून येता का, असं मी एकदा म्हटलं. हे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मी जळत होते, अगदी सरळ शब्दांत सांगायचं तर जळत होते. वेणी घालताना, मासे साफ करताना, पालघरच्या बाजारात भाजी घेताना. पाइपवरून जळणारी बाई जगात दुसरी नसेल, पण मी होते.

आणि मग वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती सहज म्हणाली, "भावजी आले व्हते ना काल. संगती ती शहरातली बाई व्हती. दोरी काढली, वट्यावर बसून लय बोलत व्हते दोघं. मी म्हटलं, बाय कशी नाय आली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आदल्या दिवशी हे हॅचरीच्या साइटवर जातो म्हणून निघाले होते. दोरी अवेळी काढली, मला न सांगता काढली, आणि माझ्या माहेरच्या ओट्यावर बसून दुसऱ्या बाईला दाखवली. अरे, सवत करायचीच असली तर माणूस निदान बायकोच्या माहेरी तरी नेत नाही. बरं, विचारू कुणाला? वहिनीला मी म्हणाले, मला ताप होता गं. आणि फोन ठेवून भांडी अशी घासली की शेजारीण डोकावून गेली.

ह्यांना काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर हे सांगून मोकळे झाले असते आणि मला ते नको होतं. मला जिंकायचं होतं. पाइप कोणता घ्यायचा ह्यावर हॅचरीचे मालक, मॅडम आणि आम्ही, अशी बैठक आमच्याच शेडमध्ये ठरली होती. मी आदल्या दिवशी एकटी सातपाटीला गेले, भावाला घेऊन खुंटावर गेले आणि दोरीवरचा एक तुकडा सोडवून आणला. कुप्रोनिकलचा. म्हणजे तांबं जास्त आणि थोडं निकल. बाकीचे तुकडे कालवांनी माखलेले, ह्याच्यावर एक नाही. जरा हिरवट झाक, बाकी गुळगुळीत. भाऊ तो हातात फिरवत म्हणाला, "बाय, याच्यावानी नाय दुसरा. आमी होडीच्या बुडाला तांब्याचा रंग काय उगाच लावतो?" मला तेच ऐकायचं होतं. बुडावर काही बसलं नाही की होडी चांगली, हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

बैठकीत मालक काही बोलायच्या आत मी तो तुकडा टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं. कागदावरचा समुद्र नाही, आमच्या बंदरातला आहे, चिखलाचा आहे, त्यात हा असा राहिलाय. ना भोक, ना कालव. पाइप आतून चोंदणार नाही, साफ करायला काम बंद ठेवावं लागणार नाही. मी चांगलं बोलते, ते मला माहीत आहे. मालक मान डोलवायला लागले. हे मात्र टेबलाकडे बघत होते.

मॅडमनी तुकडा उचलला, बोटानं चाचपला आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, पाइप उत्तम टिकेल. कोळंबी टिकणार नाही. ज्या तांब्यावर कालवाचं पिल्लू जगत नाही, त्यातून आलेल्या पाण्यात कोळंबीचं पिल्लू कसं जगेल?"

झालं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही होडीचं बूड स्वच्छ राहिलं म्हणून खूश झालो; त्याच्यावर बसायला आलेलं काय मेलं ते कोण बघायला जातंय? आणि इथे तर मेलं तर सगळंच बुडालं. मालकांची मान डोलायची थांबली. मॅडम वरून मला सावरायला म्हणाल्या की ही दोरीची कल्पना मात्र फार सुंदर आहे हं, तुमच्या मिस्टरांनी सगळं समजावून सांगितलं. मिस्टरांनी. बंदर माझं, खुंट माझ्या बापाचा, निकाल माझा, आणि कल्पना मिस्टरांची. बाईच्या बोलण्यात खोट नव्हती, ते तर जास्तच झोंबलं.

सुपर ड्युप्लेक्स ठरलं. तेही स्टेनलेसच्याच घराण्यातलं, पण खाऱ्या कोमट पाण्याला पुरून उरणारं, आणि पिल्लांना त्याचा त्रास नाही. मी मालाची चौकशी करायला फोन लावला, कारण ते काम माझं होतं आणि ते मी रागातही नीट करते. मालक गेले, मॅडमना हे स्टेशनला सोडून आले. मधल्या वेळात माझ्या लक्षात आलं की माझं कुप्रोनिकलचं म्हणणं ऐकताना ह्यांनी मान खाली घातली होती ती लाजेनं नाही. ह्यांना आधीच माहीत होतं. ओट्यावर बसून दोघांचं हेच बोलणं झालं असणार, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी जेवताना मी ते काढलं. आरडाओरडा केला नाही, त्याचीच ह्यांना जास्त भीती वाटली असावी. मी विचारलं की माझ्या माहेरी मला सोडून कसे गेलात. ह्यांनी काट्यातून मासा सोडवता सोडवता हात थांबवला. मला वाटलं, आता म्हणतील विसरलो, म्हणतील घाई होती, म्हणतील तू कामात होतीस. त्यातल्या प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"तू आली असतीस तर तूच बोलली असतीस," हे म्हणाले. "त्या मला विचारत होत्या. मला एकदा सांगायचं होतं."

"मी नाही विचारत तुम्हाला?"

"तुला माहीत असतं सगळं."

त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाइपची जाडी सांगावी तसं सांगितलं आणि पुन्हा मासा सोडवायला लागले. टोमणा असता तर मी फाडून खाल्लं असतं. ह्याला काय म्हणायचं? एका ताटात जेवलो म्हणावं इतकी वर्षं, आणि हा माणूस आपल्याच घरात, आपल्याच धंद्यात, कुणीतरी आपल्याला विचारावं म्हणून थांबलेला. मी कढी वाढायला उठले, वाढली, बसले. तोंडात माझं उत्तर आलं होतं, ते कढीबरोबर गिळलं.

"टायटॅनियम का नाही घेतलं?" मी विचारलं. "ते तर सगळ्यात चांगलं ना?"

उत्तर मला ठाऊक होतं. ह्यांनी माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं, थट्टा आहे की काय म्हणून. मी काही बोलत नाही असं दिसल्यावर सुरू झाले. टायटॅनियमला खारं पाणी काही करू शकत नाही, पण आमच्या वेल्डरांचा हात त्यावर बसलेला नाही, आणि जोड कच्चा असेल तर भारी धातू घेऊन उपयोग काय. ताटातलं लिंबू बाजूला ठेवून हा पंप, म्हणाले. वाटी हीटर झाली. पाणी कुठे वळतं, कुठे थांबतं, थांबलं की काय होतं, एकेक सांगत गेले. हात काचेतून पाहिले होते तसेच हलत होते, ह्या वेळी आवाजासकट. भात गार झाला तरी मी मधे बोलले नाही, जीभ दाताखाली धरून बसले.

इतकं छान सांगतात, हे मला माहीत नव्हतं. कुठे अडखळत नव्हते, शब्द शोधत नव्हते, कुठल्या जागी थांबायचं ते ठरलेलं होतं. ऐकता ऐकता मला कळलं, का ते. हे सगळं ह्यांचं एकदा सांगून झालेलं होतं, तिला.