पडणं आणि पाडणं

डब्याचं झाकण तळहातावर ठेवून मास्तर हात हळूहळू वर न्यायचे आणि विचारायचे, "झाकण वर आलं, की मी वर आणलं?"

"तुमी आणलं, मास्तर!" कॅन्टीनमधले कामगार ओरडायचे.

"मग राइज नाही, रेझ. आपोआप होतं ते राइज. करणारा असला की रेझ."

खरं तर ते मास्तर नव्हतेच. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात क्रेनच्या नोंदी ठेवणारे कारकून होते. मी तिथेच टायपिस्ट. सुपरवायझरच्या परीक्षेला इंग्रजी लागायचं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते कामगारांना शिकवत. "अवघड काय त्यात? आपल्याकडे पडणं आणि पाडणं, त्यांच्याकडे फॉल आणि ड्रॉप." तुम्ही ऐकलं असतं तर तुम्हीही वही घेऊन बसला असतात.

क्रेनला ओझं बांधणारा दापोडीचा एक कामगार त्यांचा लाडका. एका सकाळी क्रेनचा दोर तुटला आणि लोखंडी साचा त्याच्या अंगावर आला. जागीच गेला. दोर झिजलाय, बदला, असं मास्तरांनी रजिस्टरात तीनदा लिहिलं होतं.

साहेबांनी इंग्रजीत अहवाल सांगितला, मी टाइप केला. त्यात साचा 'पडला' होता.

"साहेब, आपोआप नाही पडला," सहीसाठी बोलावलेले मास्तर म्हणाले.

"व्याकरण कॅन्टीनमध्ये. इथे सही करा."

घरी तीन मुली होत्या. मास्तरांनी सही केली.

त्यानंतर शिकवणं बंद झालं. क्रेनची घंटा वाजली की ते खुर्चीतून उठत, उभे राहत आणि पुन्हा बसत. जेवणाचा डबा तसाच घरी जाई.

महिन्याभरानं ते दापोडीला गेले आणि त्या कामगाराच्या बायकोला सगळं सांगून आले. ती एवढंच म्हणाली, "सही तुमचीच हाय ना? मग खऱ्यावर करा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखाने निरीक्षकांना लिहिलेलं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "एवढं टाइप कराल, बाई?"

माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. "रिबन संपलीय," मी म्हणाले.

त्यांनी मशीनकडे पाहिलं. रिबन कोरी होती.

"असू द्या. माझं अक्षर बरं आहे."

पत्र पोचलं. पुन्हा चौकशी झाली, दोराची नोंद बाहेर आली. त्या कामगाराच्या बायकोला कॅन्टीनमध्ये नोकरी मिळाली. मास्तरांना काढलं. ते बिऱ्हाड हलवून कुठे गेले, कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी पुढे कायम झाले. एकदा चहा देताना तिनं विचारलं, "मास्तरांचं पत्र तुमीच टाइप केलं व्हतं ना?"

मी बशी पुढे केली. तिनं माझ्या बशीत एक बिस्किट जास्त ठेवलं.