कासेला हात लावायचा नाही

माझ्या धाकट्या जावेला घरात ठसका म्हणायचे. ती स्वयंपाकघरात आली की बोलणाऱ्याचा घास घशात अडकायचा, म्हणून. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. तिच्या नवऱ्याची तर नव्हतीच.

आमची तांबडी गाय गाभण होती, व्यायला दोनेक महिने उरले होते, तरी दोन्ही वेळची धार सुरूच. आदल्या खेपेलाही असंच झालेलं. दूध येतंय तोवर काढा, गायीलाही मोकळं वाटतं, असं म्हणत तिला पार व्यायच्या तोंडापर्यंत पिळली. वासरू झालं ते चिपाडासारखं. उभंच राहिलं नाही, दुसऱ्या दिवशी गेलं. गायीचीही हाडं वर आली. तेव्हा मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, फर्मान काढलं, "पुढच्या खेपेला पुन्हा असं झालं तर हिला बाजार दाखवायचा." आता बोला! पिळणारे आपण आणि खोड गायीची.

एके दिवशी जेवताना धाकटी म्हणाली, "उद्यापासून गाय आटवायला घेतेय. धार हळूहळू बंद."

"मग चहा?" तिच्या नवऱ्यानं विचारलं. त्याला एवढंच सुचलं.

"कोरा प्या. जीभ झडत नाही."

मामंजी गुरगुरले, "दूध देणारी गाय दारात असताना कोरा?"

"ते आता पोटातल्याच्या वाट्याचं आहे, मामंजी. आपलं पिऊन झालं."

तिनं पेंड बंद केली, हिरवं बंद केलं, नुसतं वाळलं गवत पुढ्यात टाकलं. धार आधी एक वेळेवर आणली, मग एक दिवसाआड, मग पुरती थांबवली. थांबवल्यावर कास अशी तट्ट भरली की बघणाऱ्याचंच अंग ठणकावं. गाय मान वळवून हंबरायची. ते ऐकून आत्याबाईंचा, आमच्या सासूबाईंचा, जीव तीळतीळ तुटायचा. धाकटी कपडे धुवायला गेल्याचं बघून त्या चरवी घेऊन गोठ्यात शिरल्या.

धाकटी परतली तेव्हा चरवीत फेस होता.

"थोडंसं मोकळं केलं गं," आत्याबाई म्हणाल्या. "मुकं जनावर ते. माझ्यानं बघवेना."

"नाही बघवत तर तोंड फिरवा, आत्याबाई! थोडं काढलं की कासेला वाटतं गिऱ्हाईक परत आलं. ती पुन्हा दुकान मांडते. मागच्या खेपेला तुम्ही रोज असंच मोकळं करत होतात. त्या दयेनंच वासरू खाल्लं."

आत्याबाई पदर डोळ्याला लावून आत गेल्या. मी म्हटलं, "अगं, सासू आहे ती."

"आणि ही गाय आहे, जाऊबाई. हिच्या बाजूनं बोलायला दुसरं आहे कोण?"

त्या दिवसापासून तिनं संसारच गोठ्याच्या दारात मांडला. धान्य निवडणं तिथं, शिवण तिथं, नवऱ्याला झापणं तिथंच. चरवी पालथी घालून तिच्यावरच बसायची. आत्याबाई लांबून बघत आणि धाकटीला ऐकू जाईल असं गायीशी कमी, चरवीशी जास्त बोलत.

शेवटी मामंजी आले. "ऊठ. चरवी दे इकडं."

"देत नाही."

"कास दगड झालीय. सड बाद होतील, गाय हातची जाईल. कळतंय का?"

धाकटी उठली, पण चरवीवर पाय ठेवून. "लावा हात. गरम लागतेय? आत गाठ आहे? गाय लाथ मारतेय? खाणं सोडलंय तिनं? नुसती भरलीय ती. दुखणं असतं तर मीच आधी पिळली असती. आता हात लावला नाही तर आपसूक जिरेल."

मामंजींनी कास चाचपली. गाय रवंथ करत उभी.

"आणि नाही जिरलं तर?"

"तर मला बाजार दाखवा. गायीला नको."

मामंजी मिशीत काहीतरी पुटपुटले आणि चालते झाले. संध्याकाळी कोरा चहा सुर्रकन ओढून पेला आपटला, पण दुधाचं नाव काढलं नाही.

हळूहळू कास सैलावली, सुरकुतली, रिकाम्या पिशवीसारखी लोंबली. गायीच्या पाठीवर मांस धरलं, कातडी तुकतुकीत झाली. मग धाकटीनं पेंड पुन्हा सुरू केली आणि दिवस भरताच गाय व्याली. कालवड झाली. चांगली थोराड. अंग चाटून व्हायच्या आत चारी पायांवर धडपडली, पडली, पुन्हा उठली आणि आईच्या कासेला ढुशी देऊन लुचायला लागली. कास पुन्हा भरून आली होती, पण आता तिचं गिऱ्हाईक दारात होतं.

आत्याबाई हरखल्या. कधी नव्हे ते धावत आल्या, हातात चरवी. "सरक गं, दोन धारा काढू दे."

धाकटी वाटेतच उभी होती. हात रक्ता-चिकटानं माखलेले, केस सुटलेले.

"आधी तिचं पोट भरू द्या."

"अगं, एवढंसं पिलू, पिऊन पिऊन किती पिणार?"

"पिऊ दे पोटभर. उरलं तर आपलं. नाही उरलं तर कोरा आहेच."

मामंजी मागंच उभे होते. आत्याबाईंनी त्यांच्याकडं आशेनं पाहिलं. त्यांनी घसा खाकरला, वर आढ्याकडं बघितलं आणि कालवडीवर माशी नसतानाच माशी हाकलायला लागले.

धाकटी तसूभरही हलली नाही.